फोटोतील मोटार आणि मोटारीतील मंडळी

जुन्या घरांतून ट्रंकेच्या तळाशी किंवा माळ्यावरच्या पेटीत जे फोटो सापडतात, त्यांत एखादा तरी फोटो मोटारगाडीचा असतो. घरधनी पगडी घालून मडगार्डावर हात ठेवून उभे असतात, फूटबोर्डावर दोन मुले बसलेली असतात, ड्रायव्हर चाकापाशी ताठ उभा असतो आणि मागच्या बैठकीवर पदर पुढे ओढून कोणी बाई बसलेली असते. फोटो उलटा करून पाहावा, तर मागे शाईने लिहिलेले असते, 'रा. रा. अमुक, मंडळी व मोटार.' साल लिहिलेले नसते. 'मंडळी' म्हणजे कोण, हे ज्यांना ठाऊक होते ती माणसे आता राहिलेली नाहीत.

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनासाठी भगिनींकडून घरचे जुने फोटो मागविले, तेव्हा ते सालवार लावण्याचे काम मजकडे आले. त्यांत मोटारींचे फोटो बरेच निघाले. हे काम करता करता एक गोष्ट ध्यानात आली, ती अशी की, माणसांपेक्षा मोटारीची ओळख पटविणे सोपे असते, आणि मोटारीची ओळख पटली म्हणजे पुष्कळदा माणसांचीही पटू लागते. ही विद्या काही अवघड नाही. घरी बसून कोणाही भगिनीस ती साधेल, म्हणून येथे थोडक्यात सांगते.

प्रथम, मोटारच का? आपल्या आज्या-पणज्यांचे नऊवारी लुगडे, नथ, पाटल्या, अंबाडा यांत वीस-पंचवीस वर्षांत फारसा फरक पडत नसे. त्यावरून १९१५ सालचा फोटो कोणता आणि १९३५ चा कोणता, हे सांगणे कठीण. मोटारीचे तसे नाही. कारखानदार दर एक-दोन वर्षांनी तिचे तोंड, दिवे, चाके काही ना काही बदलत असत, आणि कोणता बदल कोणत्या साली झाला याची नोंद ठेवीत असत. शिवाय मोटारीचे नाव तिच्या कपाळावरच लिहिलेले असते.

मात्र एक नियम आधी पक्का ध्यानात ठेवला पाहिजे. मोटारीवरून कळते ते एवढेच की, हा फोटो अमुक सालापूर्वीचा नाही. पुरलेल्या गाडग्यात १९१८ चा रुपया सापडला, तर ते गाडगे १९१८ पूर्वी पुरलेले असणे शक्य नाही. नंतर मात्र केव्हाही पुरलेले असेल. मोटारीचेही असेच आहे. आपल्याकडे एक एक गाडी पंधरा-वीस वर्षे सहज चालत असे. तेव्हा अलीकडची मर्यादा ठरवावयास मुलांची वये, जन्मपत्रिका, लग्नपत्रिका, घरातील मृत्यूंच्या तिथी यांचे साहाय्य घ्यावे लागते.

दुसरी गोष्ट अशी की, फोटोत मोटार आहे म्हणून ती घरची होतीच असे नव्हे. लग्नाच्या वरातीसाठी भाड्याने आणलेली, पाहुणे म्हणून आलेल्या साहेबांची, वकील मित्राची, अशा कितीतरी मोटारींशेजारी आपले पूर्वज ऐटीत उभे राहिलेले आहेत. जत्रेतील फोटोवाले तर रंगविलेल्या फळीची मोटार ठेवीत आणि तिच्यामागे माणसांना बसवीत. तेव्हा चाकांची सावली जमिनीवर पडली आहे की नाही, हे आधी पाहावे.

मोटार आपल्याकडे आली तिला आता सव्वाशे वर्षे होऊन गेली. १८९८ साली मुंबईत पहिल्या मोटारी उतरल्या आणि त्यांतील एक जमशेटजी टाटांची होती, असे सांगतात. आपणां स्त्रियांस विशेष वाटेल अशी गोष्ट म्हणजे, रतनजी दादाभाई टाटा यांच्या फ्रेंच पत्नी सुझान, म्हणजेच जे. आर. डी. टाटांच्या मातोश्री, यांनी १९०५ साली मोटार चालविली, आणि हिंदुस्थानात मोटार चालविणारी पहिली स्त्री म्हणून त्यांचेच नाव घेतले जाते. पण त्या काळी मोटार ही संस्थानिकांची व शेटजींची वस्तू होती. तालुक्याच्या गावापर्यंत ती पोचली ती पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे, आणि ते काम मुख्यत्वे अमेरिकन गाड्यांनी केले. त्या स्वस्त, उंच व खडबडीत रस्त्यांस टिकणाऱ्या होत्या.

त्यांत अग्रमान फोर्डच्या टी मॉडेलचा. ते १९०८ ते १९२७ या काळात निघत होते आणि दीड कोटीच्या आसपास गाड्या बाहेर पडल्या. आपल्याकडे येणाऱ्या फोर्ड गाड्या पुष्कळशा कॅनडातील कारखान्याच्या असत, कारण इंग्लंड वगळून ब्रिटिश साम्राज्यातील व्यापार त्या शाखेकडे होता. पुढे १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईस शिवडी येथे मोटारी जोडण्याचा कारखाना काढला. सुटे भाग बोटीने खोक्यांतून येत आणि येथे गाडी उभी राही. म्हणूनच त्यानंतरच्या फोटोंत शेवरोलेट पदोपदी भेटते. तिच्या तोंडावर बो टायसारखे आडवे चिन्ह असते. ते १९१३ पासून तिच्यावर आहे.

आता फोटो हाती घ्या. भिंग असल्यास उत्तम, नाहीतर नातवंडाकडून मोबाइलमध्ये फोटो काढून घ्यावा व तो बोटांनी मोठा करून पाहावा. प्रथम गाडीच्या तोंडाकडे, म्हणजे रेडिएटरकडे पाहावे. तो पितळेचा, घासलेल्या समईसारखा चकाकत असेल आणि गाडी टी मॉडेल असेल, तर ती १९१६ पर्यंतची. त्या साली फोर्डने पितळ सोडले आणि पुढच्या सालच्या गाड्यांचे तोंड काळे झाले. पितळी दिवे व कार्बाइडच्या गॅसवर जळणारे कंदील दिसले, तर गाडी साधारण पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीपर्यंतची समजावी.

मग चाके पाहावीत. बैलगाडीसारखे जाड लाकडी आरे असतील तर गाडी जुनी. सायकलसारख्या तारा असतील तर बहुधा १९२५ नंतरची, निदान साध्या अमेरिकन गाड्यांपुरते तरी हे खरे. पत्र्याची ठोकळेबाज चाके १९३५ च्या सुमारास रूढ झाली. पुढच्या चाकांच्या मध्यभागी ब्रेकचा गोल डबा दिसतो का, हेही पाहावे. पूर्वी ब्रेक मागच्या चाकांनाच असत. फोर्ड टी मॉडेलला पुढे ब्रेक कधीच नव्हते. १९२७ च्या डिसेंबरात आलेल्या ए मॉडेलला ते मिळाले, आणि शेवरोलेटला १९२८ च्या गाड्यांपासून.

त्यानंतर दिवे. मोठ्या वाटीसारखे दिवे दांडीवर निराळे बसविलेले असतील तर गाडी बहुधा १९४० च्या अलीकडची नाही. १९३७ सालच्या फोर्डमध्ये ते मडगार्डात गेले आणि पाठोपाठ इतर गाड्यांतही गेले. समोरची काच सरळ उभी असेल तर १९३० च्या आसपासची किंवा त्याआधीची. मागे कललेली असेल तर नंतरची. एकसंध वळलेली असेल तर १९५० च्या पुढची. ज्यावर बसून मुलांनी फोटो काढून घेतले तो फूटबोर्ड दुसऱ्या महायुद्धानंतर नाहीसा झाला. कापडी टप असलेली उघडी गाडी १९२५ पर्यंत सर्वत्र दिसते. पुढे बंद गाड्यांचे प्रमाण वाढत गेले.

येथे थोडे विषयांतर करते. आपण पंक्चर झाल्यावर ज्या चाकास 'स्टेपनी' म्हणतो, तो शब्द वेल्समधील लनेली गावच्या स्टेपनी नावाच्या रस्त्यावरून आला. तेथील डेव्हिस बंधूंनी १९०४ साली हे जोडचाक काढले. त्यापूर्वी गाडीबरोबर जादा चाकच नसे. आणि सामान ठेवावयाची 'डिकी' म्हणजे मुळात गाडीच्या मागची उघडी बैठक. तेथे नोकर किंवा मुले बसत. फोटोत मागचे झाकण उघडून त्यात मुले बसलेली दिसली, तर ती खरी डिकी. मूळ वस्तू गेल्या; आपल्या बोलण्यात त्यांची नावे राहिली.

चाळीसच्या दशकातील फोटो ओळखण्यास युद्धाने मदत करून ठेवली आहे. मोटारीच्या पाठीशी बंबासारखे उंच नळकांडे दिसले, तर ते कोळशाच्या गॅसचे यंत्र. पेट्रोलवर नियंत्रण आल्यामुळे गाड्या कोळशावर चालवाव्या लागत. दिव्यांवर काळी झाकणे आणि मडगार्डाच्या कडेस पांढरा पट्टा असेल, तर ती ब्लॅकआउटची खूण. अशा वेळी साल पाच-सहा वर्षांच्या आत येऊन ठेपते.

स्वातंत्र्यानंतरचे काम त्याहून सोपे आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, डिसोटो, प्लिमथ या गाड्या बाहेर पडू लागल्या. हिंदुस्थान मोटर्सचा कारखाना प्रथम गुजरातेत ओखा बंदरी होता. तो १९४८ साली बंगालमध्ये उत्तरपाड्यास गेला. ज्या परदेशी कंपन्या येथे नुसत्या गाड्या जोडत होत्या व भाग येथे बनवीत नव्हत्या, त्यांना सरकारच्या नव्या धोरणामुळे गाशा गुंडाळावा लागला. जनरल मोटर्सने मुंबईतील काम १९५४ साली बंद केले. त्यानंतर नव्या गाड्यांची नावे बोटांवर मोजण्याइतकी राहिली. त्याच १९५४ साली फियाटची अकराशे ही गाडी आली. पुढे आलेल्या तिच्या नाकामुळे मुंबईकरांनी तिचे नाव 'डुक्कर फियाट' ठेवले. तिचे पुढचे दार पुढून उघडत असे, म्हणून दार उघडे असलेल्या फोटोत ती सहज ओळखता येते. १९६४ पासून तिच्या जागी निराळ्या चेहऱ्याची डिलाइट आली आणि १९७४ साली त्याच गाडीस पद्मिनी हे नाव मिळाले. लँडमास्टर १९५४ ची. अँबॅसडर १९५७ च्या अखेरीस निघू लागली व २०१४ पर्यंत निघत राहिली. मात्र १९५५ ते १९६१ या काळातील नव्या कोऱ्या परदेशी गाडीशेजारी आपले नातलग उभे असतील, तर गोव्याकडची आठवण काढून पाहावी. तेथे तेव्हा पोर्तुगीज सत्ता होती आणि आपल्याकडील आयातीचे निर्बंध तेथे लागू नव्हते.

नंबराची पाटीही वाचावी. मुंबई इलाख्यातील व पुढे मुंबई राज्यातील पाट्या बी या इंग्रजी अक्षराने सुरू होत. महाराष्ट्र राज्य झाल्यानंतर एम आले. आणि एमएच व त्यापुढे जिल्ह्याचा आकडा ही पद्धत १९८८ चा मोटार कायदा १९८९ साली अमलात आल्यानंतरची. पाटीवरील अक्षरे उलटी दिसली किंवा सुकाणूचे चक्र डाव्या हातास दिसले, तर फोटो उलट छापला गेला असावा. याची आणखी एक खूण आपल्याजवळ आहे. नथ डाव्या नाकपुडीऐवजी उजवीत दिसली, की काच पालथी पडली होती असे समजावे.

आता एक उदाहरण सांगते, म्हणजे या खटाटोपाचा उपयोग काय, ते कळेल.

माझ्या माहेरी माजघरात एक फोटो लावलेला आहे. पणजोबा मोटारीशेजारी उभे आहेत आणि मागच्या बैठकीवर एक बाई मांडीवर लहान मुलगी घेऊन बसलेली आहे. पदराखालून कपाळावरचे कुंकू स्पष्ट दिसते. घरात पूर्वापार सांगत आले की, ही आमची थोरली पणजी आणि फोटो १९२० चा. थोरल्या पणजी शके १८४३ मध्ये, म्हणजे १९२१-२२ साली, माझे आजोबा चार वर्षांचे असताना बाळंतपणात गेल्या. अविधवा नवमीस त्यांच्या नावाने सवाष्ण जेवू घालीत आणि त्या दिवशी या फोटोस हार असे.

पणजोबांनी पुढे दुसरे लग्न केले. त्या धाकट्या पणजींनी सवतीच्या मुलासह पाच मुले वाढविली. पणजोबांच्या मागे त्या तीस वर्षे जगल्या. पण तेव्हाच्या रीतीप्रमाणे विधवा बाईचा फोटो काढावयाचा प्रश्नच नव्हता. कुटुंबाचा फोटो काढावयाचा असला म्हणजे त्या स्वयंपाकघरात असत. म्हणून त्यांचा एकही फोटो नाही, असेच आम्ही सारे समजत होतो.

मंडळासाठी तो फोटो उतरवून पाहिला. गाडी फोर्डची, हे तिच्या कपाळावरील लांबट गोल बिल्ल्यावरून उघड होते. पण चाके तारांची होती, पुढच्या चाकांस ब्रेकचे डबे होते आणि पेट्रोलचे टोपण समोरच्या काचेच्या अगदी पुढ्यात होते. ही तिन्ही लक्षणे मिळून ए मॉडेलची आहेत. तिचा रेडिएटर उंच व चाके लहान होती. या मॉडेलच्या पहिल्या दोन वर्षांतील चाके एकवीस इंची होती, १९३० पासून एकोणीस इंची झाली. म्हणजे गाडी १९३० किंवा १९३१ ची, आणि थोरल्या पणजींना जाऊन तेव्हा आठ-नऊ वर्षे होऊन गेली होती.

तरीसुद्धा एवढ्यावरून ती बाई धाकटी पणजीच असे म्हणता येत नव्हते. एखादी नणंद किंवा जाऊ असू शकली असती. मग जन्मपत्रिकांचे बाड काढले. त्या घरात त्या सुमारास जन्मलेली मुलगी एकच. तिची पत्रिका शके १८५० च्या श्रावणातील, म्हणजे १९२८ ची, आणि आईचे नाव धाकट्या पणजींचे. फोटोतील मुलगी दोन-अडीच वर्षांची दिसते. गाडीचे साल, मुलीचे वय आणि पत्रिका, तिन्ही एका ठिकाणी येऊन मिळाली.

आमच्या वयोवृद्ध आत्यांस हे सांगितले, तेव्हा त्या प्रथम रागावल्या. "जन्मभर ज्या फोटोला मोठी आजी म्हणून नमस्कार केला, तो का खोटा?" असे म्हणाल्या. नंतर फोटो जवळ घेऊन त्यांनी पुष्कळ वेळ पाहिला. म्हणाल्या, "धाकट्या आजीचे हात असेच होते ग, लांब बोटांचे. पण कुंकू लावलेली मी तिला पाहिलीच नव्हती, मग ओळखणार कशी?"

आता तो फोटो त्याच जागी आहे. हार अविधवा नवमीस घालतात, तो थोरल्या पणजींच्या नावाने देव्हाऱ्यापाशी ठेवतात. आणि फोटोच्या मागे धाकट्या पणजींचे माहेरचे व सासरचे, दोन्ही नाव लिहिलेले आहे. पाच मुले वाढविणाऱ्या बाईची त्या घरात एवढीच खूण आहे. ती नव्वद वर्षे डोळ्यांसमोर होती. फक्त तिला दुसरीच कोणी समजत होते. थोरल्या पणजींचा मात्र आता एकही फोटो उरला नाही, याचेही वाईट वाटते. पण जे खरे ते खरे.

भगिनींनो, या सगळ्यात एक गोष्ट माझ्या मनाला लागली. शंभर वर्षांपूर्वी परदेशी कारखान्यात झालेल्या चाकाच्या बदलाची नोंद आजही मिळते. त्याच मोटारीत बसलेल्या आपल्या आजी-पणजीचे नाव मात्र फोटोमागे लिहावे, असे कोणास वाटले नाही. पुरुषांचे नाव, हुद्दा, मोटार यांचा उल्लेख होतो. बाकीच्या सगळ्या 'मंडळी'. यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. घरच्या बायकांना सगळेच ओळखतात, त्यांची नावे लिहावयाची कशाला, असेच त्यांना वाटले असणार. परंतु ओळखणारी माणसे गेली, की लिहिलेले तेवढेच उरते.

म्हणून माझी विनंती एवढीच की, या वर्षी प्रत्येकीने घरातील फोटोंची पेटी एकदा उघडावी. घरात ऐंशी-नव्वदीचे जे कोणी असेल, त्यांच्याजवळ बसून एक एक फोटो दाखवावा आणि सांगतील ते लिहून घ्यावे. फोटोमागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने व कडेस लिहावे. बॉलपेनने लिहू नये, ते पुढच्या बाजूस उमटते व शाईही उतरते. चिकट पानांच्या आल्बममध्ये जुने फोटो लावू नयेत. बाईचे नाव लिहिताना अमक्याची पत्नी एवढ्यावर थांबू नये, तिचे स्वतःचे व माहेरचे नाव लिहावे. ज्या फोटोतील कोणीच ओळखू येत नसेल आणि त्यात मोटार असेल, तो टाकून देऊ नये, मंडळात घेऊन यावा. दर शनिवारी दुपारी आम्ही चार-पाच जणी भिंग घेऊन बसतो. मोटार कोणती ते आम्ही सांगू. मोटारीतील मंडळी कोण, हे आपण सगळ्याजणी मिळून शोधू.